सोप्या पद्धतींनी वेगळे करता येते

सूनबाई दवाखान्यात परिचारिका होती आणि रविवारीसुद्धा तिची अर्धी पाळी असे. त्या रविवारी जेवणं उरकल्यावर तिने पिशवी खांद्याला लावली, दारात उभं राहून चपला चढवल्या आणि सासऱ्यांना म्हणाली, "आबा, आज पाच वाजता क्लासचे सर येणार आहेत. मीही तोवर येते. भिंगरीचं नाव घालायचंय."

आबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "कसला क्लास?"

"रसायनाचा. सहामाहीत काय दिवे लावलेत ते पाहिलंत ना तुम्ही."

"पाहिलं. पण उभी हयात रसायन शिकवण्यात घालवलेला माणूस घरात बसलेला असताना पोरीला बाहेर क्लास लावायचा म्हणजे..."

"आडात भरपूर आहे हो आबा," सूनबाई म्हणाली. "पोहऱ्यात येत नाही, त्याचं काय करू?"

क्लास संध्याकाळी पाच ते सात असे, आणि नेमक्या त्याच वेळात नात भिंगरी शाळेतून येऊन त्यांच्या खाटेवर पाय हलवत बसायची. वर्गात कोण कोणाशी बोलत नाही, कोणत्या बाईंचा घसा बसला, रस्त्यावरच्या कुत्रीला पिल्लं कुठे झाली, हे सगळं आबांना त्या दोन तासांत कळायचं. शाळा सुटल्यापासून, म्हणजे आबांची शाळा सुटल्यापासून, त्यांचा वर्ग एवढाच उरला होता. तोही आता दुसरीकडे चालला होता.

"एक करू," ते म्हणाले. "सर आले की त्यांनाच विचारू दे. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. तिघांतला फरक भिंगरीने स्वतःच्या शब्दांत सांगितला, तर क्लास नाही."

"आणि नाही सांगितला तर?"

"तर पहिल्या दिवशी मी स्वतः तिला क्लासच्या दारात सोडून येईन."

सूनबाईने घड्याळाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे पाहिलं. "चालेल," ती म्हणाली. "फक्त घर जागेवर ठेवा." आणि ती गेली.

भिंगरीला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरत नसे. आता मात्र ती पुस्तकासमोर भिजल्या वातीसारखी बसली होती. "आबा, तिन्ही व्याख्या सारख्याच दिसतात हो. 'ज्या पदार्थात' असं सुरू होतं आणि 'असे म्हणतात' असं संपतं. मधलं मला आठवत नाही."

"मधलंच तर रसायन आहे. ऊठ. स्वयंपाकघरात चल."

आबांचा शिकवण्याचा एक नियम होता. जे सांगायचं ते दाखवायचं, आणि जे दाखवायचं ते मागच्या बाकावरच्या पोरालासुद्धा दिसलं पाहिजे. त्यामुळे चिमूटभर, थेंबभर असला प्रकार त्यांनी कधी केला नाही. शाळेत ते लोहकीस आणि गंधक मिसळायचे तेव्हा अर्धी परात भरायची. निवृत्त झाले तरी हाताचं माप तेच राहिलं होतं, आणि आवाजाचंही. स्वयंपाकघरात भिंगरी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, तरी आबा भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मिश्रण."

त्यांनी परात घेतली, तिच्यात तांदूळ ओतले, वाटाणे ओतले आणि ढवळले. "आता वेगळे कर."

भिंगरीने चाळण घेतली. तांदूळ खाली पडले, वाटाणे वर राहिले. "झालं. ह्यात रसायन कुठे आलं? हे तर आई रोज करते."

"पुस्तक काय म्हणतं? मिश्रणातले घटक सोप्या भौतिक पद्धतींनी वेगळे करता येतात."

"कुठल्याही मिश्रणातले?"

"कुठल्याही."

इथेच आबांनी पुस्तक मिटायला हवं होतं. पण पोरीच्या डोळ्यांत सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं, आणि असं हललेलं दिसलं की आबा कधीच पुस्तक मिटत नसत. भिंगरीने फडताळातून दोन डबे काढले आणि ओट्यावर शेजारीशेजारी ठेवले. एक साखरेचा आणि एक मिठाचा.

"मग हे?"

आबांनी दोन्ही डबे परातीत उपडे केले. मागच्या बाकाला दिसेल असं दोन्ही हातांनी कालवलं. परातीत एक सुंदर पांढरा ढीग तयार झाला, आणि त्याच्याकडे बघता बघता आबांच्या चेहऱ्यावरचा मास्तर हळूहळू उतरून गेला.

"आता वेगळं करा," भिंगरी म्हणाली.

"तू सांग. कसं करशील?"

"पाण्यात टाकू. एक विरघळेल, एक राहील."

"दोन्ही विरघळतात."

"मग लोहचुंबक?"

"दोघांनाही त्याचं सोयरसुतक नाही."

"मग आबा?"

आबा परातीकडे बघत राहिले. लोहकीस आणि गंधक, वाळू आणि मीठ, तेल आणि पाणी. आजवर वर्गात त्यांनी सुटणाऱ्याच जोड्या नेल्या होत्या. न सुटणारी जोडी कोणी पुढ्यात आणून ठेवली नव्हती, कारण जोड्या निवडणारे तेच होते.

"दुकानातून नवीन आणू या का?" भिंगरीने हळूच विचारलं. "आईला कळायच्या आत?"

"नवीन आणलं तर प्रश्न झाकला जाईल, सुटणार नाही. पुस्तकात लिहिलंय वेगळं करता येतं. तर येतं." हे वाक्य म्हणताना आबांचा आवाज प्रथमच मागच्या बाकापर्यंत पोचला नाही.

मग त्यांनी मैद्याची बारीक चाळणी मागवली. साखरेचा दाणा मोठा, मिठाचा बारीक, तेव्हा मीठ खाली आणि साखर वर. तत्त्व बिनचूक होतं. भिंगरीने चाळलं, आबांनी चाळलं, ओट्यावर, गॅसवर आणि आबांच्या सदऱ्यावर पांढरी पूड बसली, आणि शेवटी दोन ढीग झाले. भिंगरीने वरच्या ढिगातली चिमूट जिभेवर ठेवली.

"काय लागतंय?"

"गोड." ती थांबली. "आता खारट. आता परत गोड."

"आणि खालचा?"

"खारट. पण मागून गोड येतंय. आबा, बारीक साखरही खाली पडली, आणि मोठ्या साखरेला मीठ चिकटून वर राहिलंय."

"म्हणजे बरंचसं वेगळं झालं."

"बरंचसं म्हणजे झालं का?"

शाळेत असं विचारणाऱ्या पोराला आबा शाबासकी द्यायचे. आज त्यांनी फक्त चष्मा पुसला. मग उठून ते वर्तमानपत्र वाचायचं भिंग घेऊन आले. भिंगरीने आईच्या आरशापुढचा भुवया कोरायचा चिमटा आणला. खालच्या ढिगातले थोडे दाणे त्यांनी काळ्या छत्रीच्या कापडावर पसरले आणि दोघं डोकं डोक्याला लावून बसले.

मग भिंगरी म्हणाली, "आबा, हे चौकोनी आहेत."

"कोणते?"

"मिठाचे. सगळे छोटे छोटे ठोकळे. कोपरेसुद्धा आहेत. कोणी कापले?"

"कोणीच नाही. मीठ दोघांचं बनतं. एक सोडियम, धातू असतो, पाण्यात टाकला तर भडकतो. दुसरा क्लोरीन, विषारी वायू. दोघं एकत्र आले की दोघांचाही तामसी स्वभाव जातो आणि आमटीत घालता येईल असं मीठ होतं. त्यांचे कण एकाआड एक, उभेआडवे, रांगेत बसतात. आतली रांग अशी सरळ म्हणून बाहेरचा दाणा चौकोनी."

"एवढ्या एका दाण्यात किती असतील?"

"मोजायला बसलो तर आपल्या दोघांचं आयुष्य पुरायचं नाही."

भिंगरी भिंगातून बघतच राहिली. एवढा वेळ एका जागी ती आजवर आजारी असतानाही बसली नव्हती. आबांना वाटलं, क्लासचे सर आत्ता आले असते तर बरं झालं असतं. पण सरांना यायला वेळ होता आणि चिमट्याने उचललेल्या दाण्यांनी चमच्याचा तळसुद्धा झाकला नव्हता.

"असं केलं तर माझं लग्न होईल तोवर पुरेल," भिंगरी म्हणाली. "सोपी पद्धत सांगा ना."

तेव्हा आबांना उष्णता सुचली. साखर लवकर वितळते, मीठ काही घरच्या गॅसवर वितळत नाही. साखरेचा पाक झाला की तो ओतून घ्यायचा, मीठ तळाला राहील. त्यांनी खालचा सगळा ढीग सूनबाईच्या आवडत्या कढईत घातला आणि बारीक आचेवर ठेवला. बारीकच, ह्यावर त्यांचा कटाक्ष होता. फक्त त्यांचा आणखी एक जुना नियम असा होता, की शिकवताना वर्गाकडे पाठ करायची नाही. त्यामुळे पाठ गॅसकडे झाली.

"वितळणं हा भौतिक बदल," आबा सांगू लागले. "बर्फ वितळला तरी पाणीच. साखर वितळली तरी साखरच. रूप बदललं, जात बदलली नाही. आता रासायनिक बदल म्हणजे काय, तर..."

"आबा."

"मधे बोलू नकोस. रासायनिक बदलात मूळ पदार्थ शिल्लकच राहत नाही. रंग पालटतो, वास येतो, कधी धूर..."

"आबा, येतोय."

आबा वळले. कढईतला तपकिरी रस फुगून काळा झाला होता आणि पावसाळ्यातल्या बेडकासारखा गाल फुगवून वर येत होता. त्यांनी गॅस बंद केला, भिंगरीने खिडक्या उघडल्या, आणि दोघांनी वर्तमानपत्राच्या पानांनी धूर खिडकीकडे हाकायला सुरुवात केली. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "काय हो, काही जळतंय का?"

"शिकतेय पोर," आबा म्हणाले.

"शिकू दे हो, हळूहळू येतो स्वयंपाक," काकू म्हणाल्या आणि खिडकी लावून आत गेल्या.

धूर निवळला तेव्हा कढईत एक काळं, सच्छिद्र, ठिसूळ ढेकूळ होतं. भिंगरीने चमच्याने टोचलं. ते कुरकुरलं.

"हा कोळसा आहे," ती म्हणाली. "पण आपण कोळसा घातलाच नव्हता. साखर घातली होती. साखर कुठे गेली?"

आबा उत्तर देणार होते. उत्तर त्यांच्या ओठांवर होतं. पण त्यांना तिचा चेहरा दिसला आणि त्यांनी तोंड मिटलं. मास्तराला हे शिकायला फार वर्षं लागतात.

"त्यात कोळसा आधीपासून होता?" भिंगरी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "पण साखर पांढरी होती. गोड होती. कोळसा काळा, आणि गोड नाही. म्हणजे तो आत होता, पण कोळशासारखा वागत नव्हता. तुमच्या त्या सोडियमसारखं. जळका, पण आमटीत गप्प."

"आणि कोळशाबरोबर कोण होतं?"

तिने खिडकीच्या काचेकडे पाहिलं. काचेवर वाफ बसली होती. "पाणी?"

"पाणी ज्याचं बनतं ते. हायड्रोजन आणि ऑक्सिजन."

"मग हा कोळसा आणि ते पाणी परत कालवलं तर साखर होईल?"

"कालवून बघ."

तिने खरंच कालवून बघितलं. काळं पाणी झालं. ती बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होती. मग तिने जशी मान हलवली तशी सहामाहीच्या निकालानंतर तिने एकदाही हलवली नव्हती.

त्यातून आणखी एक झालं. काळं पाणी आबांच्या हातरुमालातून गाळल्यावर खाली जवळजवळ स्वच्छ पाणी पडलं, कोळसा रुमालात राहिला, आणि ते पाणी दुसऱ्या पातेल्यात आटवलं तेव्हा तळाला करड्या रंगाचं मीठ उतरलं. दोघांपैकी एकटं मीठ परत आलं होतं. साखर गेली ती गेली. आबा पुन्हा सावरून काहीतरी म्हणणार, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

क्लासचे सर तरुण होते, हातात माहितीपत्रक होतं, आणि त्यांच्या मागोमाग जिना चढून सूनबाई आली. सरांना बसवून तीही बसली. तिने नाक वर केलं.

"काहीतरी जळल्याचा वास येतोय."

"शेजारच्या काकूपण हेच म्हणत होत्या," आबा म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

"भिंगरी, सरांना चहा कर."

भिंगरी आत गेली. आबांनी तिला डोळ्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण ती ओट्याशी पोचली होती. साखर म्हणून घरात आता एकच ढीग शिल्लक होता, चाळणीच्या वर राहिलेला. बरीचशी साखर असलेला. तिने तोच वापरला.

सरांनी पहिला घोट घेतला आणि कप हातातच धरून ठेवला. ते सज्जन होते. दुसऱ्याच्या घरचा चहा कसा करतात ह्यात आपण पडू नये, अशा चेहऱ्याने त्यांनी दुसरा घोट घेतला. सूनबाईने एकच घोट घेतला आणि सासऱ्यांकडे पाहिलं. आबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते.

"तर," घसा साफ करून सर म्हणाले, "आधी थोडं विचारू या. घाबरायचं नाही हं. मिश्रण म्हणजे काय?"

भिंगरीने आबांकडे पाहिलं नाही. पुस्तकातल्या व्याख्येसाठी ती छताकडेही बघत नव्हती. ती सरांच्या हाताकडे बघत होती.

"तुम्ही पिताय ते, सर."

सूनबाईने डोळे मिटले.

"चहा," सर म्हणाले. "बरोबर. कसं काय?"

"त्यात पाणी आहे, दूध आहे, चहा आहे, साखर आहे आणि मीठ आहे. मिश्रणात कोणी आपला गुण सोडत नाही. म्हणून तर तुम्हाला गोडही लागतंय आणि खारटही."

"हो," सर म्हणाले. आपल्याला वाटलं ते खरंच होतं हे कळून त्यांचा चेहरा बराच मोकळा झाला. "हो, लागतंय. आणि संयुग?"

"साखर. तिच्यात कोळसा असतो, म्हणजे कार्बन. पण साखर खाताना कोळसा लागत नाही. संयुगात शिरलं की प्रत्येकजण आपला गुण सोडतो. आणि साखर कुठल्याही दुकानातून आणली तरी आत कार्बन किती, ते ठरलेलं असतं. चहातल्या मिठाचं तसं नाही. ते माझ्या हाताला आलं तेवढं पडलं."

"ठराविक प्रमाण," सर हळूच म्हणाले. त्यांनी माहितीपत्रक टेबलावर ठेवलं. "मूलद्रव्य?"

"थांबा, आणते." ती आत गेली आणि रुमालाची काळी पुरचुंडी घेऊन आली. "हा कार्बन. ह्याच्यातून आता आणखी वेगळं काढायला काही उरलं नाही. आणि आता मी एक विचारू का सर?"

"विचार की."

"साखर आणि मीठ कालवलं तर परत कसं वेगळं करायचं? सोप्या पद्धतीने?"

सरांनी तोंड उघडलं. मग त्यांनी कपात पाहिलं. "पाण्यात... नाही, दोन्ही विरघळतात." ते पुढे सरकून बसले. "चाळून?"

"बरंचसं होतं," आबा खाली बघत म्हणाले.

"तापवून?"

"मीठ मिळतं," भिंगरी म्हणाली. "साखरेचा हा झाला." तिने पुरचुंडी दाखवली.

"मला नाही माहीत," सर म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांना वाईट वाटण्याऐवजी मजाच वाटत होती. "गंमत आहे. मी हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. वेगळं करायची पाळी माझ्यावर कधी आली नाही."

"माझ्यावरही आजच आली," आबा म्हणाले.

एवढं होईस्तोवर सूनबाई उठून आत गेली होती. आतून काहीच आवाज आला नाही, आणि घरातल्या जुन्या माणसांना ठाऊक असतं की भांडी आपटल्याच्या आवाजापेक्षा हा प्रकार वाईट. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कढई होती. तिने ती कोणालाच दाखवली नाही, फक्त कमरेवर धरली, जसं दमलेली बाई मूल धरते.

"सर," ती म्हणाली, "क्लासचं राहू दे."

आबांनी श्वास सोडला. सर उठले. "मीही तेच म्हणणार होतो. हिला माझी गरज नाही. फक्त एक विनंती. माझ्या वर्गातली मुलं जर एखाद्या रविवारी इथे..."

"नको," सूनबाई म्हणाली.

सर गेल्यावर तिने कढई मोरीत ठेवली आणि घासायला घेतली. आबा शेजारी येऊन उभे राहिले. "मी घासतो. मीच केलंय हे."

"तुम्ही काही करू नका आबा. बसा." थोडा वेळ तारेचा आवाज येत राहिला. मग तिने न वळता विचारलं, "ती खरंच एवढा वेळ एका जागी बसली होती?"

"भिंगातून मीठ बघत होती."

सूनबाई घासायची थांबली. "चौकोनी असतं म्हणे," ती म्हणाली. "मला कधी कोणी दाखवलं नाही." आणि पुन्हा घासू लागली. जरा वेळाने आवाज नेहमीसारखा करून तिने विचारलं, "उद्या काय शिकवणार आहात?"

"अणूची रचना."

"त्याला काय काय लागेल ते आत्ताच सांगा. म्हणजे मी उचलून वर ठेवते."

"काही नाही गं," आबा घाईने म्हणाले. "अणूला कसलं सामान? अणू जवळजवळ पोकळच असतो. मधे केंद्रक, इतकं लहान की विचारू नकोस. लांब कुठेतरी इलेक्ट्रॉन. बाकी सगळी रिकामी जागा."

सूनबाईने हात पुसले. ओट्यावरचा साखरेचा डबा उचलून तिने त्याचं झाकण काढलं आणि तो सासऱ्यांच्या हातात दिला.

"मग घ्या. रिकामी जागा भरपूर आहे."

आबा डबा घेऊन उभे राहिले. त्यांच्या कोपराखालून भिंगरीने डोकं घातलं आणि डब्यात वाकून पाहिलं. तळाशी, बरोबर मधोमध, एक दाणा चिकटून राहिला होता.

"आई," ती म्हणाली, "केंद्रकपण आहे."